अमेरिकेची अडीचशे वर्षे आणि खानदेशचा कापूस

४ जुलै १७७६ रोजी फिलाडेल्फिया येथे जमलेल्या तेरा वसाहतींच्या प्रतिनिधींनी इंग्लंडच्या राजाशी असलेले नाते तोडल्याचा जाहीरनामा संमत केला. ४ जुलै २०२६ ही त्या घटनेच्या अडीचशेव्या वर्धापनाची तारीख. अशा प्रसंगी आतषबाजी, संचलने आणि भाषणे यांची रेलचेल व्हावयाची, हे ओघानेच आले. परंतु जामनेर तालुक्यातील पहूरसारख्या गावी, वाघूर नदीच्या खोऱ्यात कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याला, तेथील शाळामास्तराला किंवा कचेरीतील कारकुनाला या दूरदेशीच्या वाढदिवसाचे सोयरसुतक कशासाठी असावे, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, अमेरिकेच्या राजकारणाने खानदेशच्या दारात पाऊल टाकले त्याला दीडशेहून अधिक वर्षे होऊन गेली. आणि ते पाऊल निमंत्रणावाचून पडले.

१८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर व दक्षिण यांच्यामध्ये यादवी युद्ध पेटले. अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस बंद पडत गेला. गिरणीमालकांची नजर मुंबई इलाख्याकडे वळली. त्याच दशकात आगगाडीचे रूळ खानदेशात येऊन पोहोचत होते. कापसाचे भाव चढले, जळगावची पेठ कापसाच्या व्यापाराने गजबजली, ज्या शेतात ज्वारी होती तेथे कपाशी उभी राहिली आणि सावकाराची थैली सैल झाली. १८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला आणि भाव कोसळले. मुंबईत शेअरबाजाचा डोलारा पडला, जळगावच्या पेठेला फटका बसला. पण बाजारातले पैसे नाहीसे झाले तरी सावकाराच्या वहीतील आकडे नाहीसे होत नाहीत. पुढे १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, त्या उठावामागील कारणांत या भरभराटीचा आणि घसरगुंडीचा वाटा होता, हे इतिहासकारांनी नोंदविलेले आहे. ज्या शेतकऱ्याने लिंकनचे नाव ऐकलेले नव्हते, त्याच्या घरावर लिंकनच्या युद्धाची जप्ती आली.

हा केवळ जुना इतिहास नव्हे. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावरील आयातकर ५० टक्क्यांपर्यंत नेला, आणि त्याच महिन्यात भारत सरकारने परदेशी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क तात्पुरते उठविले. कापडगिरण्यांना दिलासा मिळावा हा त्यामागील हेतू. परंतु शेतात कपाशी उभी असताना घेतलेल्या या निर्णयाने कापूसउत्पादकाच्या पोटात गोळा आला, तो साहजिकच होता. वॉशिंग्टनमधील एका सहीने पहूरच्या शेतकऱ्याचा हिशेब बदलू शकतो. म्हणूनच त्या देशात कोणता विचार बळावतो, तेथील माणसे आपल्या इतिहासाकडे कोणत्या दृष्टीने पाहतात आणि कोणते निर्बंध स्वतःवर घालून घेतात, याची विचारपूस करणे ही चैन नव्हे.

महाराष्ट्राने ही विचारपूस फार पूर्वी सुरू केली आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सदाचारी जनांनी गुलामांना दास्यमुक्त केले त्यांना अर्पण केला. पंडिता रमाबाई यांनी अमेरिकेत राहून तेथील समाजस्थिती व राज्यव्यवस्था अभ्यासली आणि १८८९ मध्ये त्यावर मराठीत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या दोघांनाही अमेरिकेच्या संपत्तीचे वेड नव्हते. तेथील एका तत्त्वाने त्यांना आकर्षित केले होते: सर्व माणसे समान निर्माण झालेली आहेत, हे तत्त्व. १७७६ च्या जाहीरनाम्यात ते लिहिले गेले तेव्हा लिहिणाऱ्यांनीच ते पाळले नव्हते. मसुदा करणारे टॉमस जेफर्सन यांच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. तरीही वाक्य लिहिले गेले होते, आणि एकदा लिहिलेले वाक्य लिहिणाऱ्याच्या मालकीचे राहत नाही. पुण्यातील एका माळ्याच्या मुलाने ते आपले मानले, यात त्या वाक्याची खरी ताकद दिसते.

अमेरिकेचे मागील वर्धापनदिन तपासले असता असे आढळते की, उत्सवाच्या झगमगाटापेक्षा त्या त्या वेळचा हिशेबच पुढे टिकला. ४ जुलै १८२६ रोजी, जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, जेफर्सन आणि जॉन अॅडम्स हे दोघेही माजी अध्यक्ष मरण पावले. दोघे एके काळचे कडवे प्रतिस्पर्धी. परंतु वार्धक्यात त्यांनी पत्रांतून मैत्री पुन्हा जोडली होती. १८५२ मध्ये स्वतः दास्यातून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी रॉचेस्टर येथे श्रोत्यांना रोखठोक विचारले की, गुलामाला तुमच्या चार जुलैचे काय? १८७६ मध्ये फिलाडेल्फियाला भव्य प्रदर्शन भरले, यंत्रांचे कौतुक झाले. आणि त्याच वर्षीच्या वादग्रस्त अध्यक्षीय निवडणुकीनंतर जो सौदा झाला, त्यात दक्षिणेतील मुक्त झालेल्या काळ्या नागरिकांचे संरक्षण वाऱ्यावर सोडले गेले. शताब्दीचे दिवे मालवले, आणि अंधार पुढली ऐंशी-नव्वद वर्षे टिकला.

१९२६ मध्ये दीडशेव्या वर्धापनप्रसंगी अध्यक्ष कूलिज यांनी जे भाषण केले ते परंपरानिष्ठ विचाराचा नमुना म्हणून आजही वाचले जाते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: मानवी समता आणि शासितांची संमती ही तत्त्वे अंतिम आहेत, त्यांच्या पुढे गेल्याचा दावा करणारा वस्तुतः मागे जात असतो. युक्तिवाद भक्कम आहे. मात्र याच कूलिज यांनी दोन वर्षांपूर्वी, १९२४ मध्ये, आशियातील लोकांना अमेरिकेची दारे जवळजवळ बंद करणाऱ्या कायद्यावर सही केली होती. आणि १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड या भारतीयाला, तो गोरा नाही या कारणावरून, नागरिकत्व नाकारले होते. तत्त्व अंतिम होते. पण त्याची अंमलबजावणी अर्ध्यावर थांबलेली होती.

द्विशताब्दीचे १९७६ हे वर्ष भारतीय वाचकाला अधिक जवळचे. व्हिएतनाममधील पराभव ताजा होता, निक्सन यांना राजीनामा देऊन दोनच वर्षे झाली होती. पण वृत्तपत्रे, न्यायालये आणि काँग्रेस यांनी एका सत्ताधीशाला कायद्यापुढे वाकविले होते, आणि अमेरिकेने दोनशे वर्षे साजरी केली ती या समाधानात. त्या वेळी भारतात आणीबाणी होती. वृत्तपत्रांवर अभ्यवेक्षण होते, विरोधी नेते तुरुंगात होते आणि वर्षअखेर ४२ वी घटनादुरुस्ती संमत झाली. घटनेच्या प्रास्ताविकेतील शब्दसुद्धा विरोधी बाके अशी ओस पडलेली असताना बदलले गेले. ते शब्द इष्ट की अनिष्ट हा वेगळा वाद; परंतु राष्ट्राच्या मूळ कागदात भर घालावयाची ती मोकळ्या चर्चेत, हा संकेत त्या दिवशी मोडला. १९७७ मध्ये मतदारांनी निकाल दिला आणि १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने पुष्कळसे नुकसान भरून काढले. लिखित घटनेपेक्षा ती पाळण्याची सवय महत्त्वाची, हा धडा दोन्ही देशांनी एकाच दशकात घेतला.

आता अडीचशेव्या वर्षी अमेरिकेतच वाद माजला आहे तो असा की, राष्ट्राचा जन्म नेमका केव्हा मानावा. २०१९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एक लेखमाला काढून १६१९ हे साल, म्हणजे व्हर्जिनियात आफ्रिकी गुलाम आणले गेले ते वर्ष, इतिहासाच्या केंद्रस्थानी ठेवले. त्याला उत्तर म्हणून २०२० मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी १७७६ चे नाव धारण करणारा आयोग नेमला. त्याचा अहवाल १८ जानेवारी २०२१ रोजी आला आणि दोन दिवसांनी नवे अध्यक्ष बायडेन यांनी तो आयोगच बरखास्त केला. इतिहासाचे पाठ्यपुस्तक असे सत्तांतराबरोबर बदलू लागले, तर शिक्षकाने फळ्यावर काय लिहावे? एका बाजूला पूर्वजांचे दोष तेवढे मोजणारे, दुसऱ्या बाजूला त्यांचे पुतळे तेवढे धुणारे. दोघांनाही पूर्वज माणसे होती हे मान्य नाही.

या ठिकाणी परंपरानिष्ठ विचार म्हणजे काय, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे. कारण आपल्याकडे तो सनातनीपणाशी एकरूप मानण्याची घाई होते. या विचाराचा आद्य प्रवक्ता मानला जाणारा एडमंड बर्क १७७५ मध्ये अमेरिकन वसाहतींच्या तक्रारींची बाजू पार्लमेंटात मांडत होता. पुढे भारतातील अन्यायाबद्दल वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालविणाऱ्यांत तोच अग्रभागी होता. आणि फ्रेंच राज्यक्रांतीने जुने सारे एकदम मोडावयास घेतले तेव्हा तिला विरोध करणाराही तोच. यात विसंगती नाही. समाज हा हयात असलेल्यांचा, होऊन गेलेल्यांचा आणि पुढे जन्मणाऱ्यांचा एकत्र संसार आहे, या एकाच विश्वासातून तिन्ही भूमिका निघतात. घराला तडा गेला तर डागडुजी करावी, भिंत पाडून नवी बांधावी. पण पाया उखडण्यापूर्वी तो कोणी, कशासाठी घातला हे विचारावे, एवढाच त्याचा आग्रह.

अमेरिकेच्या संस्थापकांतही हाच वाद झाला होता. १७८९ मध्ये जेफर्सन यांनी मॅडिसन यांना लिहिले की, पृथ्वीचा उपभोग हयात पिढीचा आहे, मृतांचा तिच्यावर अधिकार नाही. म्हणून दर १९ वर्षांनी कायदे आणि घटना आपोआप संपुष्टात याव्यात. १७९० मध्ये मॅडिसन यांनी उत्तर दिले ते कोणत्याही शेतकऱ्याला तत्काळ पटेल असे आहे. मागील पिढीने केलेली सुधारणा पुढील पिढी उपभोगते. तेव्हा त्या सुधारणेचे ऋणही तिच्यावर येते. आजोबांनी खोदलेल्या विहिरीचे पाणी घ्यावयाचे आणि विहिरीचा गाळ काढण्याची पाळी आली की ती माझी नव्हे म्हणावयाचे, हे चालणार नाही. शिवाय ज्या व्यवस्थेचा शेवट ठरलेला आहे तिच्याविषयी आदर रुजत नाही, हेही मॅडिसन यांनी ओळखले होते. त्यांचेच मत टिकले. अमेरिकेच्या घटनेला आजवर २७ दुरुस्त्या झाल्या. त्यांतील पहिल्या दहा १७९१ सालच्या. गुलामगिरी गेली ती १३ व्या दुरुस्तीने, घटना जाळून नव्हे. अर्थात तिच्यासाठी आधी लाखो माणसांचे रक्त सांडले होते, हे विसरून भागणार नाही.

मग आज अमेरिकेत परंपरेचे नाव घेऊन सत्तेवर बसलेल्यांची कसोटी याच मापाने लागली पाहिजे. ६ जानेवारी २०२१ रोजी निवडणुकीची मतमोजणी थांबविण्यासाठी जमाव संसदभवनात घुसला. त्या दिवशी उपाध्यक्ष पेन्स यांनी आपल्याच पक्षाच्या अध्यक्षाचा दबाव झुगारून घटनेने नेमून दिलेले काम पुरे केले. परंपरानिष्ठा कशाला म्हणावे याचे ते उदाहरण होते. त्यांच्याच पक्षाने पुढे त्यांना एकाकी पाडले, आणि २० जानेवारी २०२५ रोजी पुन्हा अध्यक्ष झालेल्या ट्रम्प यांनी त्या प्रकरणातील सुमारे पंधराशे जणांना माफी दिली. त्याच दिवशी आणखी एक आदेश निघाला. १८६८ च्या १४ व्या दुरुस्तीने अमेरिकेच्या भूमीवर जन्मणाऱ्यास दिलेले नागरिकत्व, आईबाप तात्पुरत्या परवान्यावर असल्यास, त्यांच्या मुलांना मिळू नये, असा त्याचा आशय. न्यायालयांनी २०२५ मध्ये त्याची अंमलबजावणी रोखली. पण नोकरीच्या परवान्यावर तेथे राहणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांची झोप त्याने उडविली. नागरिकत्वाचा नियम कसा असावा यावर मतभेद असू शकतात. नियम बदलण्याचा अधिकार त्या राष्ट्राला आहेच. परंतु दीडशे वर्षांचा घटनात्मक अर्थ एका आदेशाने पुसू पाहणे हे परंपरेचे रक्षण नव्हे. बदल हवा तर दुरुस्तीचे दार उघडे आहे. ते अरुंद आहे, आणि हेतुपूर्वक अरुंद ठेवलेले आहे.

व्यापाराचेही तसेच. १९८७ मध्ये याच रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष रेगन यांनी रेडिओवरून राष्ट्राला बजावले होते की, चढ्या आयातकरांनी तात्पुरता लाभ दिसतो, पण अखेर व्यापारयुद्ध भडकते आणि सामान्य कामकरी भरडला जातो. १९३० च्या आयातकर कायद्याचा कडू अनुभव त्यांच्या पिढीला होता. त्यांच्या वारसांनी तो अनुभव अडगळीत टाकला. पूर्वजांची चित्रे दिवाणखान्यात टांगावयाची आणि त्यांचे शहाणपण मात्र गुंडाळून ठेवावयाचे, हा रोग अर्थात अमेरिकेपुरता नाही.

आपल्याकडे तो किती आहे हे पाहावयाचे असेल तर फार दूर जावयास नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत केलेल्या समारोपाच्या भाषणात त्यांनी अमेरिकेचाच एक दाखला दिला. तेथील एका चर्चने प्रार्थनेत ‘राष्ट्र’ हा शब्द घालण्याचे ठरविले, तेव्हा राष्ट्र म्हणण्याइतकी एकी आपल्यात नाही असे म्हणून सामान्य सभासदांनीच तो शब्द मागे घ्यावयास लावला. मग हजारो जातींत विभागलेल्यांनी आपण राष्ट्र आहोत असे गृहीत कसे धरावे, हा त्यांचा प्रश्न होता. स्वराज्य मिळाल्यावर घटनाबाह्य मार्ग सोडले पाहिजेत आणि व्यक्तिपूजेने राजकारण नासते, हेही त्यांनी त्याच भाषणात सांगितले. आज त्यांच्या प्रतिमेला हार घालण्याची चढाओढ लागते, आणि त्यांच्या या इशाऱ्याकडे त्याच चढाओढीत पाठ फिरविली जाते. भारताच्या घटनेला २०२३ पर्यंत १०६ दुरुस्त्या झाल्या. त्यांतील कित्येक आवश्यक होत्या. पण प्रत्येक दुरुस्तीपूर्वी मॅडिसनच्या विहिरीची आठवण कोणाला झाली असेल, असे मानणे कठीण आहे.

खानदेशला तर या बाबतीत स्वतःचाच एक वर्धापनदिन आहे. १९३६ च्या डिसेंबरमध्ये यावल तालुक्यातील फैजपूर येथे जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच. नंदलाल बोस यांनी बांबू आणि आसपास मिळणाऱ्या साध्या साहित्यातून मंडपनगरी सजविली. धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी आणि असंख्य अनाम स्वयंसेवक राबले. त्या अधिवेशनात शेतसारा आणि कर्ज यांच्या ओझ्याखाली दबलेल्या शेतकऱ्यासाठी कार्यक्रम मांडला गेला, आणि देशाची घटना देशाने निवडलेल्या घटना समितीनेच करावी ही मागणी पुन्हा ठामपणे केली गेली. फिलाडेल्फियात जे लाकडी बाकांवर झाले, त्याचीच एक आवृत्ती केळी-कपाशीच्या मुलखात बांबूच्या मांडवाखाली झाली, असे म्हणावयास हरकत नाही. २०२६ च्या डिसेंबरात त्या घटनेला नव्वद वर्षे होतात.

ती कशी साजरी व्हावी? कमानी, फलक आणि पाहुण्यांचे सत्कार यांनी ती साजरी झाली, तर न झाल्यासारखीच. तिचा हिशेब मांडला जावा. शेतकऱ्याच्या कर्जाविषयीचा जो ठराव फैजपूरला झाला, त्यातील किती पदरात पडले आणि किती राहिले? घटना समितीची मागणी करणाऱ्यांनी जी शिस्त पाळली, ती आजच्या ग्रामसभेत कितपत दिसते? शिक्षकाने हा ठराव वर्गात वाचून दाखवावा, विद्यार्थ्याने गावातील वृद्धांकडून ऐकीव आठवणी लिहून घ्याव्यात, कचेरीतील कारकुनाने जुने दप्तर वाळवीच्या तोंडी जाण्याआधी वर काढून ठेवावे. ही कामे लहान आहेत आणि त्यांना टाळ्या पडत नाहीत. परंतु एखादी संस्था शंभर वर्षे टिकते ती अशाच कामांवर.

अमेरिकेला तिच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा द्याव्यात. जोतीरावांनी दिल्या तशा, म्हणजे तिने दिलेल्या वचनाची तिला आठवण करून देऊन. ते वचन तिने पुरते पाळले नाही, आणि तरीही ते फाडून टाकले नाही, यातच तिच्या अडीचशे वर्षांचे मोल आहे. पहूरचा शेतकरी बाजाराला निघताना तिथला भाव वॉशिंग्टनमध्ये ठरतो की दिल्लीत, हे त्याच्या हाती नसते. पण वडिलांकडून आलेले शेत मुलाच्या हाती देताना बांध शाबूत असावा आणि विहिरीला पाणी असावे, एवढे तो पाहतो. राष्ट्रांच्या कारभाऱ्यांकडून याहून अधिक कोणी मागत नाही. मात्र याहून कमी त्यांनी देऊ नये.